वहिनीची मशेरीची डबी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, दादाजवळ तर नाहीच नाही. एकदा भुसावळहून येताना गाडीत शेजारी बसलेल्या माणसाला सांगून टाकावं असं फार वाटलं होतं — अनोळखी माणसाला सांगायला काय जातं? तोंड उघडलंही. आणि त्याला विचारलं, उधना आलं का हो? त्याला वाटलं असेल, हा पहिल्यांदाच सुरतेला निघालाय. तुम्हीही अनोळखीच. पण निदान तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून जमेल असं वाटतंय.

माझा धंदा दात बनवण्याचा. डॉक्टर नव्हे — डॉक्टर माणसाच्या तोंडात काम करतो, मी टेबलावर. डॉक्टर दातांचं माप घेऊन पाठवतो, मी त्याचं प्लास्टरचं मॉडेल करतो, त्यावर मेण चढवतो, मेणाच्या जागी धातू ओततो, धातूवर पांढरी चिनीमाती भाजतो. लोक ज्याला टोपी म्हणतात, कॅप म्हणतात, ब्रिज म्हणतात, ते सगळं माझ्यासारख्यांच्या हातचं. पेशंटला आम्ही कधी दिसत नाही. तो डॉक्टरला दुवा देतो, आणि दात बिघडला की शिव्याही डॉक्टरलाच देतो. फार सोयीचा धंदा आहे हा. लपून राहायला.

त्याआधी मी सुरतेतच, कतारगामला, हिरे घासत होतो, पाच वर्षं. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझ्या हाताला जी खोड लागली ती तिथलीच. हिऱ्याची कड कधी कधी घासताना उडते. बारीकशी, दिसेल न दिसेल अशी. मग कारागीर काय करतो? बोंबलत बसत नाही. उडालेल्या जागेपर्यंत सगळी कड घासून आणतो. हिरा जरासा लहान होतो, पण स्वच्छ दिसतो. वजनात फरक पडला तर पडला, डोळ्याला काही कळत नाही. मला हे फार छान जमायचं. शेठ म्हणायचा, तुझ्या हातून गेलेला माल बोलत नाही. आणि मी फुशारून जायचो.

आता वहिनी.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, सुमन. अमळनेरकडच्या आमच्या गावाहून मी सुरतेला आलो तेव्हा दादा पांडेसऱ्याला कापडाच्या लूमवर होता आणि ती दोघं बमरोलीला एका खोलीत राहत होती. त्या एका खोलीत मी तिसरा. नंतर पुतण्या झाला, चौथा. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. मला ती भाऊ म्हणायची, अजून म्हणते. माझ्या ताटात भाकरी वाढताना दादापेक्षा माझी भाकरी जास्त फुगलेली असायची — दादा यावरून तिला चिडवायचा, तर ती म्हणायची, भाऊ हिरे घासतो, त्याला नाजूक लागतं सगळं.

हसताना तिचे वरचे चार दात पुढे यायचे. म्हणजे तेव्हा, ते होते तोवर. सार्वजनिक नळावर पाण्याच्या रेटारेटीत ती हंड्यासकट तोंडावर पडली आणि ते चारही तुटले, मुळं आत राहिली. पैशाचं आमचं जेमतेम. स्टेशनच्या बाजूला खुर्ची टाकून बसणारा एक दातवाला होता. त्यानं आतली मुळं काढलीच नाहीत. शेजारच्या दातांना तारेनं बांधून वरून लाल-पांढरा मसाला थापला आणि एका तासात चार ‘फिक्स’ दात बसवून दिले. आम्ही सगळे खूश. तिथं तिला नेलं होतं कुणी? मीच. पण ती माझी चूक नव्हे — म्हणजे आहे, पण मला सांगायची आहे ती ही नव्हे. पाहा, अजून टाळतोच आहे.

प्लेगच्या वेळी सगळी सुरत पळाली तसे आम्हीही गावाला पळालो. तिथं तिची हिरडी टम्म सुजली. त्या मसाल्याखाली सगळं सडलं होतं. बोलताना ती पदर तोंडावर धरायची — लाजेनं नव्हे, वासानं. पुतण्या तेव्हा चार वर्षांचा होता, तो तिच्या कुशीत तोंड फिरवून झोपायचा. हे तिनंच मला सांगितलं, हसत. मला हसू आलं नव्हतं.

तोवर मी हिरे सोडून दातांच्या लॅबमध्ये शिरलो होतो. वर्षभरात माझं नाव झालं होतं. एक मोठे गुजराती डॉक्टर होते, बिघडलेली जुनी कामं उकलून पुन्हा नीट करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ते आपली अवघड कामं मलाच देत. मी त्यांना वहिनीबद्दल सांगितलं. त्यांनी तिला तपासलं, आणि म्हणाले, तुमच्या घरचं माणूस, मी फक्त सामानाचा खर्च घेईन. पण एक अट. मशेरी बंद. एकदम, कायमची.

मशेरी — ती लहानपणापासून लावायची. आमच्याकडच्या कितीतरी बायका लावतात. सकाळी एकदा, दुपारी एकदा, भांडी झाली की एकदा. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड आणि बोट. तिची एक पत्र्याची डबी होती, झाकणावर मोराचं चित्र. डॉक्टर म्हणाले, हिरड्या आधीच खाली गेल्यात, मशेरी चालू राहिली तर माझं काम टिकणार नाही आणि मग मला दोष देऊ नका.

तिनं सोडली. कशी सोडली ते आमच्या लोकांनाच नीट कळेल. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, आमची खानदेशची देवी. सुरतेत आलेली खानदेशी घरंही बसवतात, गावाहून भाऊबंद येतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गहू मोजून दळतात आणि त्याचे प्रसादाचे रोट करतात. ते दळण कोण दळणार, याला मान असतो. आमच्या घरात तो वहिनीचा. त्या वर्षी कानबाई चौरंगावर बसलेली असताना, सगळ्यांसमोर, वहिनीनं ती मोराची डबी उघडली, मशेरी अंगणातल्या मोरीत ओतली, डबी भंगारात टाकली आणि चौरंगाला हात लावून शपथ घेतली. माय — माझी आई, फार कडक बाई — तीसुद्धा डोळे पुसत होती.

पुढे चार-पाच महिने काम चाललं. डॉक्टरांनी ती तार कापली, मसाला फोडला, कुजलेली मुळं काढली, हिरडी बरी होऊ दिली. दोन्ही बाजूंचे सुळे किडले होते पण वाचण्यासारखे होते. त्यांची नस काढली, त्यांना घासून खुंटासारखं केलं. आता त्या दोन खुंटांवर सहा दातांचा एक सलग पूल बसणार होता. सगळा भार त्या दोन सुळ्यांवर. डॉक्टरांनी माप घेऊन माझ्याकडे पाठवलं आणि चिठ्ठीवर लिहिलं — घरचं काम आहे, जीव ओतून करा.

मी जीव ओतलाच होता. खरंच. म्हणून तर —

सांगतो. मॉडेलमधला एकेक खुंट सुटा कापून त्याची कड चाकूनं मोकळी करायची असते. टोपी बरोबर त्या कडेपर्यंत आली पाहिजे, केसाइतकीही कमी नाही. डाव्या सुळ्याची कड मोकळी करताना, मागच्या अंगाला, माझ्या चाकूखाली एक कपची उडाली. बारीक. नखाच्या टोकावर मावेल एवढी. टेबलावर कुठं पडली तेही सापडलं नाही.

आता काय करायचं असतं? डॉक्टरांना कळवायचं आणि माप पुन्हा घ्यायचं. इतकं सोपं. पेशंट कुठं लांब राहत होती? माझ्याच घरात. संध्याकाळी जेवताना मला म्हणता आलं असतं, वहिनी, उद्या परत एकदा जावं लागेल. ती म्हणाली असती, जाऊ. का म्हणालो नाही? कारण मोठे डॉक्टर चारचौघांत सांगायचे की या मुलाचं काम कधी परत येत नाही. आणि मला ते ऐकायची चटक लागली होती.

मी ती कड घासून घेतली. हिऱ्यासारखी. उडालेल्या जागेपर्यंत त्या बाजूची सगळी रेघ वर आणली, गुळगुळीत केली, आणि त्या नव्या रेघेवर मेण चढवलं. पूल मॉडेलवर असा बसला की काय सांगू — टिक् असा आवाज झाला. इतकं सुंदर काम मी आधी केलं नव्हतं. फक्त मॉडेल खोटं होतं. खऱ्या दातावर ती टोपी मागच्या बाजूनं तोकडी पडणार होती, आणि दाताची एक रेघ उघडी राहणार होती, हिरडीखाली, जिथं कुणाची नजर जात नाही.

पूल बसला. वहिनी आरशात बघून आधी रडली आणि मग हसली. घरी आल्यावर पुतण्यानं तिच्या दातांना बोट लावून बघितलं. ती वर्षभर जे हसली — विनाकारण, भाजीवाल्याशी, माझ्या फालतू विनोदांवर — ते मी ऐकत होतो आणि मला वाटत होतं, बघा, काही झालं नाही. माल बोलला नाही.

सव्वा-दीड वर्षानं तिनं पुन्हा पदर तोंडावर धरला.

मी बघितलं. मी विचारलं नाही. तिनंही दोन महिने कुणाला सांगितलं नाही. मग एक दिवस, कानबाईला आठवडा उरला असताना, पूल हातात आला. डावा सुळा आतून पार पिठासारखा झाला होता, टोपीसकट मोडून आला. उजव्यावर एकट्यावर सगळा भार पडून तोही हलायला लागला होता. मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मीच घेऊन गेलो.

डॉक्टरांनी पूल हातात घेऊन उलटसुलट केला. त्यांचा चेहरा पडला होता. असं काम पंधरा-वीस वर्षं जायला हवं. ते म्हणाले, “बेन, साचुं बोलजो. मशेरी बंद छे के चालू?”

वहिनी खुर्चीत ताठ बसली. तोंडावर हात होता तो तिनं काढला. “कानबाईनी शप्पथ शे माले. हात बी नही लावा मी.”

मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. तुम्ही तर घरचे, तुम्हाला माहीत असेल, असं काहीतरी म्हणाले. त्यांच्या अंगठ्याखाली पुलाची डावी कड होती. अजून एकदा अंगठा फिरवला असता तर त्यांना लागली असती ती. मला उभ्या जागेवरून दिसत होती. आणि मी म्हणालो, “डब्बी तो में जोई छे, साहेब. घरमां.”

डबी तर मी पाहिली आहे. गुजरातीत म्हणालो. जणू गुजरातीत बोललं की वहिनीला कळणारच नव्हतं. इतकी वर्षं सुरतेत काढलेली बाई. तिला सगळं कळलं.

डॉक्टरांनी पूल ट्रेमध्ये ठेवला. रागावले नाहीत. फक्त म्हणाले की आता पुन्हा फिक्स दात बसवणार नाही, खाली पकडायला काही उरलंच नाही, काढ-घालीची प्लेट करू. पूल त्यांनी मला दिला, नेहमीप्रमाणे, धातू वितळवायला.

बसनं परत आलो. आपण आधी एक-दोन दिवस तिनं भांडावं म्हणून वाट बघतो, नाही का? माणूस भांडलं की आपल्याला जोर येतो. ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी मी कामाला निघालो तेव्हा तिनं मला दारात थांबवलं आणि हळूच विचारलं, “भाऊ, डबी तुम्हीन कोठे देखी व्हती?”

मी म्हणालो, धान्याच्या कोठीमागे. बघा, किती पटकन सुचलं.

संध्याकाळी घरी आलो तर सगळी खोली बाहेर काढलेली. कोठी, डबे, गादी, पुतण्याची पुस्तकं, दादाची ट्रंक. वहिनी घामानं निथळत होती. मला बघून म्हणाली, “नही सापडनी, भाऊ.” आणि मग, जरा थांबून, “मालेच याद नही ऱ्हायनी व्हई.”

मलाच आठवत नसेल. ती म्हणाली, मलाच आठवत नसेल! माझ्यावर तिचा इतका विश्वास होता की स्वतःवरचा तिनं काढून घेतला. मी खोटं बोललो असेन हे तिच्या मनाला शिवलंच नाही. आणि मी काय केलं? मी कोठी उचलून जागेवर ठेवायला तिला मदत केली.

एक गोष्ट मी मघाशी सांगितली नाही. सांगायची नव्हती, पण मग हे सगळं अर्धंच राहील. कतारगामला होतो तेव्हा एकदा कारखान्यात एक हिरा हरवला. माझ्या शेजारच्या घंटीवरचा, म्हणजे घासायच्या चाकावरचा. मी उचलला असं म्हणाले, पोलिसात देतो म्हणाले. वहिनीला कुणीतरी निरोप दिला. ती पोराला कडेवर घेऊन बमरोलीहून दोन बस बदलून आली, पन्नास पुरुषांच्या त्या कारखान्यात उभी राहिली आणि शेठला अहिराणीत सांगितलं की भाऊ खोटं बोलत नाही. शेठला शब्द कळला नसेल, पण त्यानं दोन दिवस मुदत दिली. हिरा फरशीच्या फटीत सापडला.

माय गावाहून आली. दादानं तिला डबीचं सांगितलं — चुगली म्हणून नव्हे, तो बिचारा दुखावला होता. शपथ मोडलेल्या हातानं कानबाईचं दळण कसं दळायचं? माय ओरडली नाही. तिनं फक्त गव्हाची परात वहिनीसमोरून उचलली आणि माझ्या चुलतभावाच्या बायकोसमोर ठेवली. वहिनी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. आत जातं फिरत होतं. त्या गव्हात माझ्याही नावाचे गहू होते. रोट मी खाल्ला. गोड लागला, खोटं कशाला सांगू.

नंतरची तिची प्लेट मीच केली. त्यात कुठेही कड उडाली नाही. रोज रात्री ती काढून वाटीत ठेवते, सकाळी लावते. पण ती लावून ती हसत नाही. ओठ मिटून हसते, नाकातून. दळण तिच्याकडे परत कधी आलं नाही. माय गेली, दादा म्हातारा झाला, रीत मात्र तशीच पडून गेली की सुमनच्या हातानं नाही.

तो पूल मी वितळवला नाही. लॅबच्या टेबलाच्या खणात आहे, कापसात. कधी कधी नख फिरवून बघतो. लागते कड.

गेल्या श्रावणात पुतण्याचं लग्न झाल्यावरची पहिली कानबाई होती. नवी सून भुसावळची, चुणचुणीत पोरगी. दळायला बसताना चुलतभावाच्या बायकोनं तिला बजावलं — बाई, शपथ घ्यायची तर पाळायची, नाहीतर तुझ्या सासूचे दात बघितलेस ना? घरात नव्या सुनेला हे, आणि मी पाहिलेल्या डबीचं, सांगायची आता पद्धतच झाली आहे. पोरीचा विश्वास बसेना. ती सरळ माझ्याकडे वळली. “काका, तुम्ही खरंच डबी पाहिली होती?”

वहिनी तिथंच होती, तूप कढवत. सगळे माझ्याकडे बघत होते. सव्वीस वर्षांचा होतो तेव्हा घाबरलो म्हणू. आता कसली भीती? लॅब माझी स्वतःची आहे. डॉक्टर कधीच वारले.

मी म्हणालो, “हो.”

पोरगी तरी वहिनीकडे बघत राहिली. तेव्हा वहिनीनं तुपाचं भांडं उतरवलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “भाऊ खोटं नही बोलतस, माय.”

डबी नव्हती. कोठीमागे नव्हती, कुठेच नव्हती. सुळ्याची कड माझ्या चाकूखाली उडाली होती आणि मी ती घासून लपवली होती. सुमनवहिनीनं कानबाईसमोर घेतलेली शपथ एक दिवसही मोडलेली नाही. हे मी तुम्हाला सांगितलं. तिला अजून सांगितलेलं नाही.